पेनिसिलिन : आगाखान पॅलेस ते गल्लीतलं मेडिकल

फेब्रुवारी १९४४. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गांधी नजरकैदेत होत्या आणि शेवटच्या आजारात होत्या. हृदय थकलं होतं, त्यात न्यूमोनिया. धाकटे चिरंजीव देवदास यांनी धडपड करून कलकत्त्याहून विमानाने एक नवं औषध मागवलं. त्याचं नाव पेनिसिलिन. औषध आलं, पण ते द्यायचं की नाही यावर बाप-लेकात वाद झाला. हे औषध दर काही तासांनी सुई टोचून द्यावं लागतं, हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटलं. शेवटच्या घटकेला तिला असा त्रास कशाला, असं त्यांचं म्हणणं. देवदास आग्रह धरून होते, पण अखेर त्यांनी माघार घेतली. २२ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, कस्तुरबा गेल्या.

गांधीजी बरोबर की देवदास, हा वाद आजही सोशल मीडियावर वर्षातून एकदा तरी पेटतो. मला त्यात पडायचं नाही. शरीर इतकं थकल्यावर त्या औषधाने काही झालं असतं का, हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझं लक्ष जातं ते या प्रसंगातल्या दोन तपशिलांकडे. पहिला तपशील म्हणजे विमान. औषध इतकं दुर्मिळ होतं की देशाच्या दुसऱ्या टोकाहून उडवत आणावं लागलं. दुसरा म्हणजे घड्याळ. हे औषध एकदा देऊन भागत नाही, ते ठरावीक वेळाने, ठरावीक प्रमाणात देत राहावं लागतं.

पुढच्या ऐंशी वर्षांत आपण पहिला प्रश्न सोडवला. आज विट्याच्या, कराडच्या, जतच्या कुठल्याही मेडिकलमध्ये अमॉक्सिसिलिनची पट्टी मिळते. दुसरा प्रश्न मात्र आपण सोडवला असं समजून सोडून दिला. औषध पोहोचलं, त्याच्यासोबतची शिस्त मागे राहिली. ही गोष्ट त्या मागे राहिलेल्या सामानाची आहे.

औषध नव्हतं तेव्हाची मिरज

आपल्या भागापासूनच सुरुवात करू. मिरजेला आज लोक डॉक्टरांचं गाव म्हणतात, त्याचं मूळ विल्यम वानलेस या मिशनरी सर्जनपर्यंत जातं. १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उभारलं. पुढे दूरदूरच्या संस्थानांतून आणि जिल्ह्यांतून रुग्ण रेल्वेने मिरजेला येऊ लागले. १९३३ मध्ये वानलेस वारले. पेनिसिलिनचं शुद्ध इंजेक्शन एखाद्या रुग्णाला उपचार म्हणून पहिल्यांदा टोचलं गेलं ते १९४१ मध्ये. म्हणजे ज्या सर्जनच्या नावाने मिरज ओळखली गेली, त्याची सगळी कारकीर्द अँटिबायोटिकशिवाय झाली.

हे वाचताना आपल्याला त्याचा अर्थ चटकन कळत नाही. ऑपरेशन उत्तम झालं तरी चार दिवसांनी जखमेत पू झाला, विष रक्तात भिनलं, की सर्जनच्या हातात फार काही उरत नसे. बाळंतपणानंतरचा ताप, शेतात पायात घुसलेला काटा, चिघळलेलं गळू, यातलं काहीही जीवघेणं ठरू शकत होतं. त्या काळातले सर्जन जंतूंना मारू शकत नव्हते, म्हणून जंतू आत येऊच नयेत यासाठी जिवाचं रान करत. उकळलेली हत्यारं, घासून धुतलेले हात, निर्जंतुक कपडा. आज अँटिबायोटिकच्या भरवशावर जी ढिलाई चालून जाते, ती तेव्हा चालत नव्हती.

सांगली आणि मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीला क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम होतं. विश्रांती, मोकळी हवा, चांगलं खाणं, हाच मुख्य उपचार. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे पेनिसिलिन आलं तरी या रुग्णांना त्याचा उपयोग नव्हता. क्षयाच्या जंतूवर ते चालत नाही. त्यांना वाट पाहावी लागली ती स्ट्रेप्टोमायसिनची, जे १९४३ मध्ये अमेरिकेत वेगळ्याच सूक्ष्मजीवापासून मिळालं. ‘अँटिबायोटिक’ हा एकच शब्द आपण सगळ्यांना वापरतो, पण प्रत्येक औषधाचे शत्रू ठरलेले असतात. आणि सर्दी-फ्लूच्या विषाणूंवर तर यातलं एकही औषध चालत नाही.

ऑक्सफर्डमधलं मोजमाप

सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगला काचेच्या ताटलीत बुरशीभोवतीचे जंतू विरघळलेले दिसले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकात सहसा नसतं ते असं की पुढची दहाएक वर्षं त्यातून औषध झालंच नाही. बुरशीतलं ते द्रव्य वेगळं काढणं फार अवघड होतं. ते काम ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी केलं. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले आणि त्यातल्या चारांना पेनिसिलिन दिलं. दुसऱ्या दिवसापर्यंत ते चार जिवंत होते, बाकीचे चार मेले होते.

फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला ते दिलं गेलं. त्याच्या चेहऱ्यावरचा संसर्ग डोळ्यांपर्यंत, फुप्फुसांपर्यंत पसरला होता. औषध सुरू होताच ताप उतरला, भूक परतली. पण साठा संपत आला. पेनिसिलिन शरीरात फार वेळ थांबत नाही, मूत्रपिंडं ते काही तासांत बाहेर टाकतात. म्हणून संशोधक त्याची लघवी गोळा करून प्रयोगशाळेत नेत, त्यातून पेनिसिलिन पुन्हा काढत आणि त्यालाच परत टोचत. तरीही पुरलं नाही. औषध संपलं, संसर्ग उलटला आणि १५ मार्चला तो वारला.

या एका केसमध्ये पेनिसिलिन वापरण्याचे सगळे नियम आहेत. पेनिसिलिन जंतूची बाहेरची भिंत बांधू देत नाही. जंतू वाढायला जातो, भिंत कच्ची राहते आणि तो फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते, म्हणून हे औषध जंतूला घातक आणि आपल्याला बऱ्यापैकी निरुपद्रवी. पण भिंत बांधायचं काम जंतू सतत करत असतो. तेव्हा औषधही रक्तात पुरेशा प्रमाणात सतत असावं लागतं. एकदम मोठा डोस घेऊन मग दिवसभर विसरून चालत नाही. सर्व्हरला ठरावीक वेळाने सिग्नल गेला नाही तर कनेक्शन तुटतं, तसंच काहीसं. ‘दर आठ तासांनी’ असं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, त्यामागे मूत्रपिंडांचा वेग आहे. सकाळ-दुपार-संध्याकाळ उरकून रात्रीचे बारा-चौदा तास कोरडे सोडले, तर त्या तासांत जंतू पुन्हा भिंत बांधायला घेतो.

पिंपरीच्या टाक्या

युद्धामुळे पेनिसिलिनचं उत्पादन अमेरिकेत गेलं. इलिनॉय राज्यातल्या पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत मक्यापासून स्टार्च काढताना उरणाऱ्या पाण्यात ही बुरशी जोमाने वाढते असं दिसलं. १९४३ मध्ये तिथेच एका बुरसटलेल्या खरबुजावर कितीतरी जास्त पेनिसिलिन देणारा वाण सापडला. बशांमधून मोठ्या टाक्यांमध्ये उत्पादन गेलं आणि युद्ध संपेपर्यंत अमेरिका-ब्रिटनमध्ये औषध सर्वसामान्यांपर्यंत पोहोचू लागलं.

भारतात ते आयातीवर अवलंबून होतं. मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक साहिब सिंग सोखी हे औषध इथेच, सरकारी मालकीच्या कारखान्यात बनलं पाहिजे, असं आग्रहाने मांडणाऱ्यांपैकी होते. स्वातंत्र्यानंतर त्या दिशेने हालचाल झाली. युनिसेफने यंत्रसामग्री द्यायची, जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञांची मदत द्यायची आणि भारत सरकारने कारखाना उभारायचा, असं ठरलं. १० मार्च १९५४ रोजी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड स्थापन झाली, ठिकाण पिंपरी. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं. केंद्र सरकारचा हा पहिला औषध कारखाना.

नकाशा उघडून पाहा. आगाखान पॅलेसपासून पिंपरी पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. जे औषध १९४४ मध्ये विमानाने आणावं लागलं, ते अकरा वर्षांनी त्याच शहराच्या वेशीवर तयार होत होतं. स्वतंत्र भारताच्या गोष्टींमध्ये धरणं आणि पोलादाचे कारखाने नेहमी येतात, ही गोष्ट क्वचित येते.

आपल्याकडच्या वाचकाला त्या टाक्यांची कल्पना करणं अवघड नाही. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबवून स्पिरिट काढतात, ते आपण लहानपणापासून वासावरून ओळखतो. पेनिसिलिनही आंबवूनच निघतं, पण दोन फरक आहेत. यीस्टला स्पिरिट करायला हवा लागत नाही, पेनिसिलियम बुरशीला मात्र सतत हवा लागते. आणि ती हवा पूर्ण निर्जंतुक हवी, कारण बाहेरचा एक चुकार जंतू टाकीत शिरला तर तो पेनिसिलिनच खाऊन टाकू शकतो. हजारो लिटरच्या टाकीत दिवसेंदिवस हवा ढवळत राहायची आणि त्यातून एकही जंतू आत जाऊ द्यायचा नाही, हे इंजिनियरिंग होतं. पिंपरीत ते जमलं.

पुढे तिथे स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागलं, म्हणजे वानलेसवाडीसारख्या ठिकाणच्या रुग्णांना लागणारं औषध. तिथल्याच संशोधकांनी, एम. जे. तिरुमलाचार यांच्या पुढाकाराने, बुरशीविरुद्धचं एक नवं औषध शोधलं आणि त्याला कंपनीच्या आद्याक्षरांवरून ‘हॅमायसिन’ असं नाव दिलं. सातारा-सांगलीकडून पोटापाण्यासाठी पिंपरी-चिंचवडला गेलेल्या लोकांना ही जागा ‘एच. ए. कंपनी’ म्हणून माहीत आहे. आज बऱ्याच जणांना ती फक्त ग्राउंडच्या नावावरून माहीत असते.

टाळं, चावी आणि चावी मोडणारा

पहिल्या पेनिसिलिनच्या दोन अडचणी होत्या. पोटातल्या आम्लात ते टिकत नसे, म्हणून सुई. आणि काही जंतू ते तोडणारं एन्झाइम बनवत. ही दुसरी गोष्ट ऑक्सफर्डच्याच चेन आणि एडवर्ड अब्राहम यांनी १९४० मध्ये नोंदवली होती. म्हणजे औषध माणसाला देण्याआधीच त्याच्यावरचा उतारा निसर्गात तयार होता.

१९५७ मध्ये ब्रिटनच्या बीचम कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी पेनिसिलिनचा गाभा वेगळा काढला. त्याला ६-एपीए म्हणतात. या गाभ्याला वेगवेगळ्या शेपट्या जोडून वेगवेगळी पेनिसिलिनं करता येऊ लागली. १९६१ मध्ये ॲम्पिसिलिन आलं, १९७२ मध्ये अमॉक्सिसिलिन. ही पोटातून घेता येत होती, म्हणून दर काही तासांच्या सुईची जागा गोळीने घेतली. एन्झाइम बनवणाऱ्या जंतूंसाठी १९५९-६० मध्ये मेथिसिलिन बनवलं, आणि १९६१ मध्येच त्याला दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस इंग्लंडमध्ये सापडले. त्यांचं नाव एमआरएसए. १९८१ मध्ये अमॉक्सिसिलिनसोबत क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड जोडलेली गोळी आली. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचं काम एवढंच की जंतूच्या एन्झाइमला गुंतवून ठेवायचं, म्हणजे अमॉक्सिसिलिनला आपलं काम करता येतं. मेडिकलमध्ये आपण जिला ‘क्लॅव्हवाली गोळी’ म्हणतो ती हीच. ती साध्या गोळीपेक्षा ‘पॉवरफुल’ म्हणून घ्यायची नसते. जंतू एन्झाइमवाला असण्याची शक्यता असेल तेव्हाच तिचा फायदा, नाहीतर जुलाबाचा त्रास मात्र वाढतो.

फ्लेमिंगचा इशारा

११ डिसेंबर १९४५ रोजी नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानाच्या शेवटी फ्लेमिंगने एक काल्पनिक गोष्ट सांगितली. एका माणसाचा घसा दुखतो. तो दुकानातून पेनिसिलिन विकत घेतो, जंतू मरण्याइतकं घेत नाही, पण त्यांना शिकवण्याइतकं घेतो. मग ते शिकलेले जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती मरते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण, असा त्याचा सवाल होता. तेव्हा ब्रिटनमध्ये सामान्य माणसाला हे औषध दुकानात मिळतही नव्हतं.

गंमत म्हणजे त्याने निवडलेला जंतू चुकला. घसा धरणारा स्ट्रेप्टोकॉकस आजतागायत पेनिसिलिनपुढे टिकलेला नाही. पण तत्त्व अचूक होतं. लंडनच्या एका रुग्णालयातल्या पाहणीत १९४८ पर्यंत अर्ध्याहून जास्त स्टॅफिलोकॉकस पेनिसिलिनला दाद देईनासे झाले होते. पुढे ही यादी वाढतच गेली. २०१० मध्ये चर्चेत आलेल्या एका प्रतिरोधक एन्झाइमच्या नावात तर ‘न्यू दिल्ली’ आहे.

फ्लेमिंगची गोष्ट आपल्या तालुक्यात कशी घडते ते सगळ्यांना ठाऊक आहे. घसा धरला, ताप आला, की मेडिकलमध्ये जाऊन ‘मागच्या वेळेची ती गोळी द्या, तीन दिवसांची’ म्हणायचं. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या चार गोळ्या कपाटात. पुढच्या महिन्यात त्या चुलत भावाला. पुण्यात राहणारी मुलं गावाकडे औषधं पाठवतात, त्यातही अर्धवट पट्ट्या असतात. घसा विषाणूमुळे धरला असेल तर गोळी नसती तरी तो तीन-चार दिवसांत बरा झालाच असता. श्रेय मात्र गोळीला जातं आणि पुढच्या वेळी तीच आठवते.

‘कोर्स पूर्ण करा’ हे वाक्य आपण ऐकत आलो. त्यावर आता डॉक्टरांमध्येच चर्चा आहे. २०१७ मध्ये ब्रिटनच्या काही तज्ज्ञांनी लिहिलं की अनेक आजारांत कोर्स गरजेपेक्षा लांब ठेवले जातात, आणि जितके दिवस जास्त तितकी पोटातल्या बाकीच्या जंतूंना प्रतिकार शिकायची संधी जास्त. तेव्हापासून न्यूमोनियासारख्या काही आजारांत छोटे कोर्स रुळत आहेत. याचा अर्थ बरं वाटलं की आपण थांबवायचं असा नाही. किती दिवस हे आजारावर ठरतं, आपल्या बरं वाटण्यावर नाही. स्ट्रेप्टोकॉकसचा घसा याचं चांगलं उदाहरण. घसा दोन दिवसांत थांबतो, पण जंतू पूर्ण गेला नाही तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. म्हणून तिथे दहा दिवस. ज्या मुलांना हा ताप येऊन गेला त्यांना पुढे अनेक वर्षं दर तीन-चार आठवड्यांनी लांब टिकणाऱ्या बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. ‘एकवीस दिवसांची सुई’ म्हणून ते अनेक घरांत माहीत आहे. त्या मुलांच्या बाबतीत एक तारीख चुकणं ही छोटी गोष्ट नसते.

कायदा आहे. पेनिसिलिन गटातली औषधं शेड्यूल एचमध्ये येतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. पट्टीवर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असते, तिचा अर्थ हाच. २०१६ मध्ये केंद्र सरकारने या लाल रेघेची मोहीमही काढली. आज घरातल्या औषधाच्या डब्यातल्या पट्ट्या पाहा, रेघ सापडेल. ती कुणाला दाखवून अर्थ विचारला तर किती जण सांगतील, हा वेगळा प्रश्न.

फाइलमधला एक शब्द

आता उलट बाजू. पेनिसिलिनची ॲलर्जी खरी असते आणि ती जीव घेऊ शकते. १९४९ मध्येच अशा मृत्यूची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. औषध घेतल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात अंगावर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, श्वास घुसमटणं, चक्कर येऊन कोसळणं, ही लक्षणं दिसली तर थांबायचं नाही, सरळ जवळचं मोठं हॉस्पिटल. पूर्वी असं झालं असेल तर ते प्रत्येक डॉक्टरला, दातांच्या डॉक्टरलाही, आधी सांगायचं.

पण ज्यांच्या फाइलवर ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ लिहिलेलं असतं त्यांच्यातल्या बहुतेकांना ती नसतेच. अमेरिकेत दहा टक्के लोक अशी ॲलर्जी सांगतात, आणि नीट तपासलं तर त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना पेनिसिलिन चालतं. कुणाला लहानपणी औषध घेताना पुरळ आलं, जे मुळात विषाणूचं होतं. कुणाला नुसतं मळमळलं. कुणाची ॲलर्जी खरी होती, पण दहा वर्षांत ती दहापैकी आठ जणांची निघून जाते.

मग काय बिघडलं, घेऊ दुसरं औषध? बिघडतं ते असं. जागतिक आरोग्य संघटना अँटिबायोटिक्सचे तीन गट करते. आधी वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात आहे. फाइलमधल्या त्या एका शब्दामुळे डॉक्टरला दुसऱ्या गटातलं, जास्त पसारा मारणारं आणि अनेकदा महाग औषध द्यावं लागतं. माझ्या धंद्यात याला चुकीचा डेटा म्हणतात. एकदा नोंद झाली की ती कॉपी होत राहते, मूळ घटना काय होती ते कुणी विचारत नाही. म्हणून घरच्यांना विचारून लिहून ठेवा. कुठलं औषध, कोणत्या वर्षी, घेतल्यावर किती वेळाने, नेमकं काय झालं. या चार ओळी ‘ॲलर्जी आहे’ या दोन शब्दांपेक्षा डॉक्टरला कितीतरी जास्त सांगतात. घरी स्वतः गोळी घेऊन ‘बघू या’ मात्र कधीच नाही. ती तपासणी हॉस्पिटलमध्येच व्हायची असते.

विरजण न लागणारं दूध

सातारा-सांगलीत पेनिसिलिन फक्त माणसं घेत नाहीत. हा दुधाचा पट्टा आहे. म्हशीची किंवा गाईची कास सुजली, टणक झाली, की गावाकडे ‘दगडी’ झाली म्हणतात. त्यावर जनावरांचे डॉक्टर सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात आणि बऱ्याचदा ती पेनिसिलिन गटातली असते. उपचार योग्य असतो. प्रश्न त्यानंतरच्या दिवसांचा. औषधाच्या पाकिटावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत त्या जनावराचं दूध डेअरीला घालायचं नसतं.

का, ते स्वयंपाकघरात दिसतं. दही लावणारे जंतू पेनिसिलिनला फार नाजूक असतात. दुधात त्याचा थोडा अंश असला तरी विरजण लागत नाही. म्हणून डेअऱ्या दूध घेताना अँटिबायोटिकची चाचणी करतात, एका कॅनमुळे टँकर नासू शकतो. पण ज्या घराची चूल दोन म्हशींवर चालते, त्यांना चार दिवसांचं दूध ओतून द्या म्हणणं सोपं नाही. इथे शिस्त म्हणजे थेट पैसे आहेत. हे लक्षात न घेता शेतकऱ्याला नुसता उपदेश करण्यात अर्थ नाही. ज्याला खऱ्या पेनिसिलिनची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी आणि जंतूंच्या शाळेसाठी, दोन्ही कारणांनी ते दूध बाहेर ठेवलं पाहिजे, आणि त्याचा भार एकट्या दूधवाल्यावर पडू नये, याची सोय संघांनी आणि सरकारने करायला हवी.

जे मागे राहिलं

पिंपरीची कंपनी नव्वदच्या दशकात आजारी उद्योगांत गेली. पेनिसिलिनचा कच्चा माल स्वस्तात चीनमधून येऊ लागला आणि देशातल्या टाक्या थंडावल्या. २०२० च्या टाळेबंदीत पुरवठा अडेल अशी भीती वाटली तेव्हा सरकारने पुन्हा प्रोत्साहन योजना आणली, आणि २०२४ मध्ये आंध्रातल्या काकिनाडा इथे पेनिसिलिन-जीचं मोठं उत्पादन सुरू झालं. म्हणजे टाक्यांचा प्रश्न पैसे घातले की दहा वर्षं मागे-पुढे सुटतो.

घड्याळाचा प्रश्न तसा सुटत नाही. तो कुठल्याही कारखान्यात बनत नाही, तो प्रत्येक घरात वेगळा सोडवावा लागतो. लहान मुलाच्या ड्राय सिरपमध्ये उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंतच घालायचं, प्रत्येक वेळी हलवायचं, चहाच्या चमच्याने नाही तर सोबतच्या मापाने द्यायचं आणि लेबलवर लिहिलेल्या दिवसांनंतर उरलेलं टाकून द्यायचं. मूत्रपिंडाचा आजार असेल, रक्त पातळ करणारी गोळी किंवा मेथोट्रेक्सेट चालू असेल, तर डॉक्टरला आधी सांगायचं. जोराचे जुलाब लागले तर गोळी आपल्या मनाने चालू-बंद न करता फोन करायचा. डॉक्टरांनी ‘अँटिबायोटिकची गरज नाही’ म्हटलं तर त्याला फी वाया गेली असं समजायचं नाही.

यातलं काहीच अवघड नाही आणि कशालाच विमान लागत नाही. ऑक्सफर्डच्या पोलिसासाठी औषध पाच दिवसच पुरलं आणि तो गेला. आपल्याकडे पट्टीत दहा गोळ्या असतात. त्या कुणासाठी, कधी आणि किती दिवस, हे नीट ठरवणं एवढंच काम आता आपल्या वाट्याला आलं आहे.